पावसाळ्यात आंबट होणारी स्टाउट: दोष जंतूंचा नव्हता, विहिरीचा होता

ग्लासात ओतली की दिसायला काही खोट काढता येत नाही. काळीभोर, वर तपकिरी फेस, नाकाशी नेली की भाजलेल्या दाण्याचा आणि गुळाचा वास. मग पहिला घोट घ्यावा आणि जिभेच्या कडा आक्रसून जाव्यात. लिंबासारखं आंबट नव्हे, दह्यासारखंही नव्हे. करपलेल्या कॉफीत कोणी भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, सोल बुडवून काढावं तशी चव. गिळल्यावर घशात राख, आणि अंगाने पाणचट. दोन महिने बाटलीत मुरवून बघितली, चार महिने मुरवून बघितली. चव हलली नाही.

हे माझ्याकडे एकदा नाही, चार वेळा झालं. घरी सहा बॅच केल्या, त्यातल्या दोन झकास, चार अशा. कृती तीच, दाणे त्याच पिशवीतले, टोपही तोच. कारण सापडायला सव्वा वर्ष लागलं आणि सापडलं तेव्हा स्वतःवरच हसू आलं. कोकण-गोव्यात जांभ्याच्या जमिनीवर राहून कोणी काळी बिअर बनवत असेल तर त्याला हेच होण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गोव्यात दारू तयार करणं अबकारी खात्याच्या परवान्यांच्या चौकटीत येतं. फेणी गावोगावी निघते म्हणून काहीही चालतं असा समज करून घेऊ नका. टोप चढवण्याआधी आपल्या तालुक्याच्या अबकारी कार्यालयात विचारून घ्या.

ही कुठली स्टाउट

स्टाउट, म्हणजे भाजलेल्या दाण्यांची काळी बिअर, म्हटलं की बहुतेकांना आयरिश, कोरडी, हलकी स्टाउट आठवते. मी करत होतो ती ट्रॉपिकल स्टाउट. युरोपातून उष्ण देशांत कडक स्टाउट जहाजाने जायची; पुढे तिकडच्याच ब्रुअरींनी ती आपापल्या सामानातून बनवायला घेतली. साखर घातली, हाताशी असलेलं लागर यीस्ट (एरवी थंडाव्यात आंबवणारं) वापरलं आणि ते लागरच्या मानाने गरम तापमानाला आंबवलं. श्रीलंकेची लायन, जमैकाची ड्रॅगन या तिच्या ओळखीच्या बहिणी. बिअर परीक्षकांसाठी शैलींची यादी काढणाऱ्या बीजेसीपीने २०१५ मध्ये तिला वेगळा खाना दिला: सुरुवातीची ग्रॅव्हिटी (आंबण्याआधी द्रव पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा) १.०५६ ते १.०७५, अल्कोहोल साडेपाच ते आठ टक्के, कडूपणा ३० ते ५० आयबीयू. गोडसर, फळांच्या वासाची, आणि भाजल्याची चव असली तरी ती मऊ, करपट नाही.

ही शेवटची अट मला तेव्हा माहीत नव्हती. अनोळखी शैली करताना सगळ्यात मोठी पंचाईत हीच होते. पोळी करपली तर पोळी खाणाऱ्याला कळतं. पण जी बिअर आपण कधी प्यायलेलोच नाही, तिचा दोष कुठला आणि स्वभाव कुठला हे कसं कळणार? दुसरी बॅच आंबट निघाली तेव्हा मी मित्रांना ठणकावून सांगितलं होतं की ही अशीच लागते. मग एकाने कोलंबोहून लायनची बाटली आणली. दोन ग्लास शेजारी ठेवून प्यायलो. पुढची दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही, आणि मित्रांचं न बोलणं बोलण्यापेक्षा वाईट असतं.

माझी २० लिटरची कृती अशी होती: पेल माल्ट (मोड आणून वाळवलेले सातूचे फिकट दाणे) ४ किलो, गडद क्रिस्टल माल्ट ६०० ग्रॅम, रोस्टेड बार्ली ५०० ग्रॅम, चॉकलेट माल्ट ३०० ग्रॅम, आणि उकळीच्या शेवटी माडाचा काळा गूळ ४०० ग्रॅम. म्हापशाच्या बाजारात पिरॅमिडसारख्या सुळक्यांत मिळतो तो. मॅग्नम हॉप्स २५ ग्रॅम, तासभर. कापडी पिशवीत दाणे घालून २८ लिटर पाण्यात ६७ अंशाला एक तास मॅश, म्हणजे दाणे भिजवून त्यांतली साखर पाण्यात उतरवणं. सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०६० च्या आसपास. लागर यीस्ट डब्ल्यू-३४/७०, साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटं. एका पाकिटावर भागवायला जाऊ नका, एवढ्या जड वर्टला, म्हणजे दाण्यांतून उतरलेल्या गोड पाण्याला, ते कमी पडतं.

घाईत असाल तर आधी ही चाचणी

बाटलीतली बिअर आंबट-राखट लागतेय? मग पुढचं वाचण्याआधी स्वयंपाकघरात जा. १ ग्रॅम खायचा सोडा १०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली सिरिंज आणा. तीन ग्लासांत मोजून २०० मिली बिअर घ्या. पहिल्यात काही घालू नका, दुसऱ्यात २ मिली द्रावण, तिसऱ्यात ६ मिली. फेस उसळेल, तो बसू द्या. आता क्रमाने चाखा.

तिसऱ्या ग्लासात करपट धार गेली, मागून कॉफी आणि गूळ पुढे आला, अंग भरल्यासारखं वाटलं, तर तुमची बिअर खराब झालेली नाही. तिची आम्लता चुकलीय, एवढंच. पण आंबटपणा थोडा कमी होऊनही खालून व्हिनेगरचा, गोठ्याचा किंवा कुबट वास तसाच राहिला, तर मात्र जंतूच आहेत आणि खालचा बराचसा मजकूर तुमच्या कामाचा नाही. १० मिलीच्या पुढे जाऊ नका, बिअर साबणासारखी आणि खारट लागायला लागते.

माझ्या तिसऱ्या ग्लासात जे झालं ते बघून मी चौथा ग्लास भरला, केवळ खात्री करायला. मग पाचवा. त्या रात्री जेवायला उशीर झाला.

मी कोणाकोणावर आळ घेतला

बॅचच्या तारखा बघा. पहिली एप्रिलमध्ये: उत्तम. दुसरी जुलै, तिसरी ऑगस्ट, चौथी सप्टेंबर: तिन्ही आंबट. एवढं बघून कोणीही म्हणेल, पावसाळा. भिंतीला बुरशी, चपलांना बुरशी, कपाटातल्या पट्ट्याला बुरशी, मग फर्मेंटरने काय पाप केलंय? मीही तेच म्हटलं. नळ्या फेकल्या, नव्या आणल्या. प्लास्टिकची बादली टाकून स्टीलचा फर्मेंटर घेतला. बाटल्या ओव्हनमध्ये भाजल्या. भांडी-नळ्या निर्जंतुक करायच्या स्टार सॅनचं द्रावण बादलीभर करून ठेवायचो आणि ते आठवडाभर काचेसारखं नितळ राहायचं, त्याचं मला कौतुक वाटायचं. हा नितळपणाच पहिला पुरावा होता. स्टार सॅन क्षारांच्या जड पाण्यात गढूळ होतं, मऊ पाण्यात स्वच्छ राहतं. पुरावा डोळ्यांसमोर आठवडाभर बादलीत उभा होता आणि मी त्यात नळ्या बुडवत होतो.

मग गुळावर संशय. माडाचा गूळ हवेतली ओल ओढून पाघळतो, चवीला किंचित खारट असतो, बाजारात उघड्यावर असतो. चौथी बॅच गुळाशिवाय, साध्या साखरेची केली. तशीच आंबट. गुळाची माफी मागितली.

पाचवी बॅच नोव्हेंबरमध्ये. पाऊस संपलेला, बुरशी वाळलेली. कुठेतरी वाचलं होतं की काळे दाणे वेगळे, गार पाण्यात रात्रभर भिजवले की चव मऊ येते. गोष्ट खरी आहे. पण लिहिणारा बहुधा अशा देशातला होता जिथे रात्रीचं स्वयंपाकघर म्हणजेच फ्रिज. माझं भांडं ओट्यावर राहिलं, आणि आमच्याकडे नोव्हेंबरच्या रात्रीही ओट्यावर इडलीचं पीठ फुगतं. दाण्याच्या सालीवर लॅक्टोबॅसिलस, म्हणजे आंबवणारा जंतू, मुळातच असतो. सकाळी झाकण काढलं तर ताकाचा वास. तरीही मी ते पाणी उकळीत घातलंच, टाकवलं नाही म्हणून. ती बॅच आंबट झाली हे सांगायला नको. आणि घोटाळा हा झाला की तिचं कारण मला ठाऊक असल्यामुळे, पावसाळा नसतानाही ती बिघडली या गोष्टीकडे माझं लक्षच गेलं नाही. दोन वेगळे आंबटपणे एकावर एक चढले होते.

सहावी मे महिन्यात: पुन्हा अप्रतिम. आता तर पावसाळ्याचा सिद्धांत पक्का झाला.

आमच्या वाड्यावर काजूची भाटी (फेणीची भट्टी) लावणारे एक काका आहेत. ते येता-जाता विचारायचे, "तुजी काळी परत आंबट जाली मरे?" त्यांना यात फारच रस होता. पावसाळ्यात त्यांची भाटी बंद, वेळ भरपूर.

डाळ

दुसऱ्या वर्षीच्या जुलैत सातव्या बॅचची तयारी चालली होती. मी मागच्या दारी पंप लावून टोप भरत होतो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "भरली ना विहीर? देवच पावला. बोअरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही मेली."

मी पंप बंद केला.

आमचं घर डिचोली तालुक्यात. मागे जांभ्यात खणलेली विहीर. जूनअखेरीला ती वरपर्यंत येते आणि मार्चपर्यंत पुरते. एप्रिल-मेमध्ये तळ दिसायला लागला की आम्ही शेजाऱ्यांच्या बोअरवेलवरून पाइप ओढतो. म्हणजे पहिली आणि सहावी, ज्या दोन बॅच चांगल्या झाल्या, त्या बोअरच्या पाण्याच्या होत्या. बाकी सगळ्या विहिरीच्या. माझ्या नोंदवहीत दाण्याचं वजन ग्रॅमपर्यंत होतं, तापमान अर्ध्या अंशापर्यंत होतं, बाटलीच्या बुचाचा रंगसुद्धा होता. पाण्याचा रकाना नव्हता. पाणी म्हणजे पाणी.

एकदा कळल्यावर घर पुराव्यांनी भरलेलं दिसायला लागलं. मे महिन्यात इलेक्ट्रिक किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो, ऑगस्टमध्ये किटली लख्ख. न्हाणीघरात तांब्याच्या पाइपाच्या नळाखाली लादीवर निळसर हिरवा ओघळ आहे, तो मला वर्षानुवर्षं शेवाळ वाटत होता. ते तांबं होतं. मऊ, किंचित आम्ल पाणी तांबं हळूहळू खातं आणि त्याचा डाग तसा पडतो.

पाण्यात नेमकं काय कमी आहे

जांभ्यातून पावसानं चुन्यासारखे विरघळणारे क्षार केव्हाच धुऊन नेलेले असतात. मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम उरतं, म्हणून तो लाल. त्यातून झिरपून विहिरीत येणारं पाणी मऊ आणि बायकार्बोनेटच्या बाबतीत जवळजवळ रिकामं. प्यायला गोड, डाळीला उत्तम, चहाला तर फारच छान. बोअरवेल खालच्या कठीण खडकातून पाणी आणते, त्यात बायकार्बोनेट जास्त.

आता दाण्याची बाजू. साध्या पेल माल्टचा मॅश मऊ पाण्यात पीएच ५.७ च्या आसपास येतो. रोस्टेड बार्ली, चॉकलेट आणि गडद क्रिस्टल हे स्वतः आम्ल असतात, ते पीएच खाली ओढतात. मॅश ५.२ ते ५.६ मध्ये हवा, आणि काळ्या बिअरला त्यातला वरचा भाग मानवतो: ५.४ ते ५.६. पाण्यात बायकार्बोनेट असेल तर ते या आम्लाला अडवतं. नसेल तर पीएच घसरत जातो आणि भाजल्याची मऊ चव धारदार, राखट होते. लंडनच्या बायकार्बोनेटी पाण्यावर पोर्टर ही काळी बिअर वाढली आणि पिल्झेनच्या मऊ पाण्यावर १८४२ मध्ये फिकट पिल्सनर जन्मली, यात तिथल्या पाण्याचा हात मोठा आहे. आमची विहीर पिल्झेनच्या गोत्रातली, आणि मी तिच्याकडून लंडनचं काम करून घेत होतो.

वर माझी एक आगळीक. पेल एल करताना लागलेल्या सवयीने मी दर वेळी ५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि ३ ग्रॅम जिप्सम मॅशमध्ये टाकत होतो. कॅल्शियम पीएच आणखी खाली नेतं. फिकट बिअरला ते हवं असतं. इथे मी घसरणाऱ्याला धक्का देत होतो.

पाणी मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. माशांच्या दुकानात, म्हणजे अ‍ॅक्वेरियमच्या, केएच टेस्ट किट मिळतं. छोट्या नळीत ५ मिली पाणी, त्यात एकेक थेंब टाकायचा आणि हलवायचं. निळं पाणी पिवळं झालं की थांबायचं. एक थेंब म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल अडवायची ताकद. विहिरीचं पाणी पहिल्याच थेंबाला पिवळं झालं, निळं दिसलंसुद्धा नाही. मला वाटलं किट जुनं आहे. शेजाऱ्यांकडून बाटलीभर बोअरचं पाणी आणलं: आठ थेंब.

पीएच मोजताना होणारे घोळ

कागदी पट्ट्यांवर पैसे घालवू नका. काळ्या वर्टमध्ये बुडवलेली पट्टी कॉफी सांडल्यासारखी तपकिरी होते आणि मग आपण डब्यावरच्या रंगांशी ती जुळवत उजेडात उभे राहतो. मीटरच हवा. स्वस्त पेनसारखा चालेल, पण वापरायच्या दिवशी ४.०१ आणि ७.०० च्या बफरमध्ये तो लावून घ्यायचा. माझा पहिला मीटर मी धुऊन, पुसून, कोरडा करून डबीत ठेवला, फार जपून. महिन्याभरात तो साध्या पाण्याला ४.६ दाखवायला लागला. त्याचं टोक ओलंच राहिलं पाहिजे, तेही साठवणीच्या द्रावणात. शुद्ध पाण्यातही ठेवायचं नाही.

नमुना गार करून मोजा. ६७ अंशांवर तेच वर्ट साधारण ०.३ ने कमी दाखवतं, आणि गरम वर्टने मीटरचं आयुष्यही घटतं. वर दिलेले सगळे आकडे २५ अंशांचे आहेत. मी स्टीलच्या वाटीत दोन चमचे वर्ट घेऊन ती वाटी बर्फाच्या पाण्यात गोल फिरवतो, मिनिटभरात काम होतं. मॅश लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पहिला नमुना घ्यायचा, त्याआधीचा आकडा फसवा असतो.

उपाय

सातव्या बॅचला मी मुद्दाम तीन टप्प्यांत मोजत गेलो, एकेक किलोचे छोटे मॅश लावून. जुन्या सवयीप्रमाणे क्षार घातलेला: ५.१६. क्षार न घातलेला: ५.२७. क्षार नाहीत आणि पूर्ण बॅचच्या हिशेबाने ४ ग्रॅम खायचा सोडा: ५.४६. बस. सव्वा वर्ष, नवा फर्मेंटर, बाटल्या भाजायला जाळलेली वीज, आणि औषध निघालं डोशाच्या पिठाच्या शेजारच्या डबीत.

४ ग्रॅम हा माझ्या ५.४ किलो दाण्यांसाठी, माझ्या पाण्यासाठी. तुमचा आकडा वेगळा असेल. अंदाजासाठी एवढं धरा की साधारण अशाच दाण्यांच्या पाच-साडेपाच किलोला ४ ग्रॅम सोडा पीएच सुमारे ०.२ ने वर नेतो. अर्धा सोडा आधी घाला, ढवळा, दहा मिनिटं थांबा, मोजा, मग उरलेला. एकदम ओतलात आणि ५.८ झाला तर मागे येण्यासाठी पुन्हा आम्ल घालत बसावं लागेल. सोड्याने सोडियमही वाढतं: १ ग्रॅम १० लिटरला घातला तर लिटरमागे सुमारे २७ मिलिग्रॅम. ४ ग्रॅमचं २० लिटरमध्ये ५५ च्या आत राहतं. गोडसर स्टाउटला ते उलट पोसतं. दुप्पट केलंत तर मीठ जाणवायला लागेल.

सोडा म्हणजे खायचा सोडाच. बेकिंग पावडर नको, तीत आम्ल मिसळलेलं असतं. पोटासाठी घेतात ते फ्रूट सॉल्ट नको, त्यातही तेच. धुण्याचा सोडा तर मुळीच नको. खडूची पूड काही लोक सुचवतात; ती पाण्यात नीट विरघळत नाही आणि आज एक, उद्या दुसरंच होतं. भाटीवाल्या काकांनी पानाचा चुना सुचवला. रसायन म्हणून सूचना चुकीची नाही, चुन्याची निवळी सोड्यापेक्षा ताकदवान असते. पण डबीतल्या चुन्यात पाणी किती आणि चुना किती हे कसं मोजणार? काकांना तसं म्हटलं तर ते म्हणाले, बोटाने.

कॅल्शियम अगदीच सोडवत नसेल तर २ ग्रॅम क्लोराइड उकळीत घाला, मॅशमध्ये नको. आणि पीएच मीटर घ्यायचाच नसेल तर दुसरी वाट अशी की काळे दाणे शेवटच्या पंधरा मिनिटांतच पिशवीत घालायचे. तोवर पेल माल्टचा मॅश सुरळीत झालेला असतो. फरक पडतो, मी करून बघितलाय. पण दाण्यातलं आम्ल शेवटी टोपातच उतरतं, म्हणून सोड्याइतका नाही. रात्रभर भिजवायचे असतील तर फ्रिजमध्ये. ओट्याची गोष्ट वर सांगितलीच.

तुमचं दुखणं वेगळं असेल तर

ओळखायची सगळ्यात सोपी खूण: यीस्ट घालण्याआधी वर्ट चाखा. गोड असतंच, पण गोडाच्या मागे ती राखट धार तेव्हाच लागते. जंतू अजून आलेलेच नसताना जी चव आहे ती जंतूंची कशी असेल? उलट वर्ट छान होतं, बिअर पहिल्या महिन्यात छान होती आणि नंतर दर आठवड्याला आंबट होत गेली, बाटली उघडली की कारंजं उडतं, पृष्ठभागावर सुरकुतलेली साय दिसते, ग्रॅव्हिटी अपेक्षेच्या खाली उतरत राहते, तर ते संक्रमण. तिथे सोड्याचा उपयोग नाही, नळ्या बदला. त्या बाटल्या मात्र आधी फ्रिजमध्ये टाका. दाब वाढलेली काच फुटते.

ग्रॅव्हिटीवरून आठवलं. चौथ्या बॅचला माझा हायड्रोमीटर फुटला तेव्हा काकांकडून त्यांचा मागून आणला. भाटीवर फेणी ग्रावमध्ये मोजतात, उर्राक (पहिल्या गाळपाची सौम्य दारू) चौदा-पंधरा ग्राव, फेणी एकोणीस-वीस. तो वर्टमध्ये सोडला तर बुचासारखा तरंगून सगळा दांडा बाहेर. तो पाण्याहून हलक्या दारूसाठी केलेला, वर्ट पाण्याहून जड. काका बघत होते. "हें फेणयेचें. तुज्या गोड उदकाक चलचें ना." हे त्यांनी देताना सांगितलं असतं तरी चाललं असतं.

वास्कोच्या एका मित्राचा त्रास वेगळा निघाला. त्याला आंबट नाही, औषधी, बँडेजसारखा वास यायचा. त्याचं पाणी नळाचं, म्हणजे क्लोरीन घातलेलं. क्लोरीन आणि दाण्यातले फिनॉल मिळून तो वास तयार होतो आणि तो एकदा आला की जात नाही. २० लिटर पाण्याला चिमटीच्या टोकावर मावेल एवढं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ०.१ ग्रॅमच्या आसपास, दाणे घालण्याआधी. त्याचं तेवढ्यावर भागलं.

आणि घशाला जाळणारी, नेलपॉलिशची आठवण देणारी चव असेल तर तो उष्णतेचा प्रताप. लागर यीस्ट गरम चालवायचं याचा अर्थ अठरा-वीस अंश, आपल्या खोलीचे तीस नव्हे. विहिरीचं पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं, त्यामुळे तांब्याच्या कॉइलने वर्ट तीसच्या खाली येतच नाही. पुढचं काम फ्रिजचं. मी फर्मेंटर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी यीस्ट घालतो. पावसाळ्यात वीज गेली की फ्रिजचं दार उघडायचं नाही, एवढी घरात सर्वांना ताकीद आहे. पहिले तीन दिवस महत्त्वाचे. नंतर थोडं वर गेलं तरी फारसं बिघडत नाही.

झालेली बॅच वाचवायची असेल तर

बाटल्या भरायच्या आधी लक्षात आलं तर वाचते. वरची ग्लासाची चाचणी करा, कुठल्या प्रमाणाला चव बसते ते ठरवा आणि गुणाकार करा: २०० मिलीला ६ मिली द्रावण बरं वाटलं तर २० लिटरला ६ ग्रॅम सोडा. थोड्या उकळलेल्या पाण्यात विरघळवून बाटल्या भरायच्या बादलीत आधी घाला, वरून बिअर सोडा, मग साखर. बाटल्या भरून झाल्या असतील तर प्रत्येक उघडून सोडा टोचत बसू नका, फेसाने अर्धी बिअर ओट्यावर येईल. पिताना ग्लासात घाला. माझ्या पाचव्या बॅचच्या चाळीस बाटल्यांपैकी काही आम्ही अशाच संपवल्या, टेबलावर मिठाच्या शेजारी सोड्याची सिरिंज ठेवून. ओट्यावर आंबलेली ती बॅच सोड्यानेही फारशी सुधारली नाही. उरलेली आईने परसातल्या केळींना घातली.

आता टोपाच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवलंय: १ थेंब, ४ ग्रॅम. थेंब एकाने वाढला की सोडा ०.८ ने कमी. आठ थेंबांच्या बोअरच्या पाण्याला काहीच नको. नोंदवहीत पाण्याचा रकाना आहे, आणि पंप लावण्याआधी मी आईला विचारतो की आज डाळ किती शिट्ट्यांत झाली.